वाचकांचे प्रश्न: स्पॅनिशमधले टागोर, गाढववाला कवी आणि झेनोबिया

गेल्या अंकात नोबेलवाल्या लेखकांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की स्पेनचा एक कवी होता, हुआन रामोन हिमेनेझ, गाढवावरच्या 'प्लातेरो आणि मी' या पुस्तकाचा लेखक, देश सोडून वीसेक वर्षं अमेरिकेत, क्यूबात, प्वेर्तो रिकोत राहिला आणि आपले टागोर स्पॅनिशमध्ये गेले ते त्याच्या घरातून. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. प्रश्न थोडे कापलेत, कारण काहींनी प्रश्नाच्या आधी तीन पानं स्वतःबद्दल लिहिलीयत (वाचलीत मी, मजा आली).

तुम्ही लिहिलंत "त्याच्या घरातून". म्हणजे भाषांतर नक्की कोणी केलं? नेटवर कुठे त्याचं नाव दिसतं, कुठे बायकोचं. (एक वाचक, सोलापूर)

बायकोनं. हे आधी सांगून टाकते आणि मग बाकीचं.

झेनोबिया कांप्रुबी. जन्म १८८७, बार्सिलोनाजवळच्या मालग्रात दे मार गावचा. वडील इंजिनियर, आई प्वेर्तो रिकोची, आईकडचं घराणं अमेरिकन वळणाचं, त्यामुळे पोरीला इंग्रजी लहानपणापासून घरात. वयाच्या अठराव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेला गेली, तिथे काही वर्षं राहिली आणि परत माद्रिदला आली तेव्हा लोक तिला "अमेरिकन" म्हणायचे, कारण ती एकटी फिरायची, मोठ्याने हसायची आणि तिला कामधंदा करायचा होता. हुआन रामोन तिला भेटला १९१३ मध्ये. तो आंदालुसियातल्या मोगेरचा, १८८१ चा जन्म, वडील वाईनचे व्यापारी, ते १९०० मध्ये वारले आणि याला मरणाची अशी काही भीती बसली की तरुणपणाची काही वर्षं सॅनेटोरियममध्येच गेली. असं म्हणतात की शेजारच्या घरातून तिचं हसणं ऐकू आलं आणि हा प्रेमात पडला. खरं-खोटं ते दोघं जाणोत. पण तिला हा रडका कवी सुरुवातीला अजिबात पसंत नव्हता, आणि तिच्या आईला तर त्याहून नाही.

आता योगायोग बघा, त्याच १९१३ मध्ये टागोरांना नोबेल मिळालं. झेनोबियानं टागोरांच्या 'क्रेसेंट मून'चं इंग्रजीवरून स्पॅनिश करायला घेतलं आणि याला आयतं निमित्त मिळालं, रोज भेटायचं, ओळ वाचायची, हा शब्द नको तो घेऊ, अशी ती लग्नाआधीची सगळी मुलाखत. १९१५ मध्ये 'ला लुना नुएवा' नावानं पुस्तक आलं, भाषांतर तिचं, सुरुवातीला एक कविता त्याची. पुढच्या वर्षी २ मार्च १९१६ ला न्यूयॉर्कमध्ये लग्न. त्या प्रवासातून त्याचं 'नुकतंच लग्न झालेल्या कवीची डायरी' हे पुस्तक निघालं आणि स्पॅनिश कविता तिथून मोकळी झाली असं जाणकार म्हणतात. पण मला जास्त नवल हे वाटतं की लग्नानंतर हे दोघं सुखानं बसले नाहीत, टागोर छापतच सुटले. 'माळी', 'भरकटलेली पाखरं', 'पोस्ट ऑफिस', 'गीतांजली', 'चित्रा', गोष्टी, नाटकं, १९२२ पर्यंत वीसेक पुस्तकं.

कामाची वाटणी अशी होती की इंग्रजीवरून पहिला पूर्ण खर्डा तिचा आणि मग स्पॅनिशचा शेवटचा हात तो फिरवायचा. स्वयंपाक तिचा आणि मिठाची चव बघायला तो, एवढंच. ती चव महत्त्वाची होती, नाही म्हणत नाही मी, ते स्पॅनिश इतकं गोड उतरलंय त्यात त्याचा कान आहेच. पण मिठासाठी स्वयंपाक्याचं नाव कुणी बदलत नाही. तो स्वतः भाषांतरकार होताच म्हणा, रोमाँ रोलाँचं 'बेथोवेनचं चरित्र' त्यानं स्पॅनिशमध्ये आणलं, आयरिश नाटककार सिंजचं 'रायडर्स टू द सी' दोघांनी मिळून केलं. टागोरांच्या पुस्तकांवर मात्र नाव तिचंच छापलं गेलं, आणि ते बरोबरच होतं.

दोघांनाही बंगाली येत नव्हतं ना? मग हे भाषांतराचं भाषांतर झालं. त्याला एवढं काय डोक्यावर घ्यायचं? (एक वाचिका, पुणे)

ताई, तुमचा मुद्दा बरोबर आहे, आणि आपल्याकडे तर पु.ल. वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते, त्यामुळे आपली अपेक्षा जरा वरचीच असणार. नाही येत होतं त्यांना बंगाली. पण टागोरांनी स्वतःच आपल्या कवितांचं इंग्रजी केलं होतं, आणि ते करताना खूप काही गाळलं होतं, छंद गेला, यमकं गेली, राहिलं ते गद्य. म्हणजे युरोपात जे टागोर पोचले ते सगळे त्या इंग्रजी गद्यातूनच. फ्रेंचमध्ये आंद्रे जीदनं केलेली गीतांजलीसुद्धा इंग्रजीवरूनच आहे.

फरक एवढाच की बाकी बऱ्याच भाषांत टागोर दोन-पाच वर्षांची फॅशन होऊन गेले, स्पॅनिशमध्ये मात्र टिकले. पुढे ब्युनोस आयर्सच्या लोसादा प्रकाशनानं ही भाषांतरं छापली आणि मेक्सिकोपासून चिलीपर्यंत घराघरात गेली. मला वाटतं यात त्या दोघांनी निवडलेल्या साध्या, बोलत्या गद्याचा मोठा हात आहे. बंगाली जाणणाऱ्यानं बसून चुका काढल्या तर भरपूर निघतील. काढाव्यात. पण ज्या भाषेत तेव्हा बंगाली जाणणारा माणूस शोधून सापडला नसता तिथे हे झालं हेही धरा.

टागोर आणि हे जोडपं कधी भेटले का? (एक वाचक, मडगाव)

नाही. १९२१ मध्ये टागोर स्पेनला येणार असं ठरलं होतं, माद्रिदमध्ये तयारी झाली, हुआन रामोन तर पार उत्साहात होता, आणि टागोर आलेच नाहीत. मग राहिलंच ते. १९२४ मध्ये टागोर अर्जेंटिनाला गेले, तिथे लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोकडे राहिले, ते वेगळं प्रकरण, त्यावर पुन्हा कधीतरी.

नेरुदानं टागोरांची कविता चोरली होती असं एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचलं. खरं आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

व्हॉट्सअॅपवरचं असून अर्धं खरं आहे, म्हणजे रेकॉर्डच झालं.

नेरुदा हा चिलीचा कवी, त्याच्या 'वीस प्रेमकविता' आल्या १९२४ मध्ये, तो तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यातली सोळावी कविता टागोरांच्या 'माळी'मधल्या तिसाव्या कवितेवर बेतलेली आहे, ती "तू माझ्या स्वप्नांच्या आकाशातला संध्याकाळचा ढग" वाली. आणि स्पॅनिश वाचकांच्या हातात असलेला 'माळी' म्हणजे झेनोबियाचा १९१७ चा. दहा वर्षांनी, १९३४ मध्ये, चिलीतल्या एका मासिकानं दोन्ही कविता शेजारी शेजारी छापल्या आणि एकच गदारोळ झाला. वाङ्मयीन भांडणं तिथेही आपल्यासारखीच, कवितेपेक्षा गटबाजी जास्त. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये नेरुदानं टीप टाकली की ही टागोरांच्या कवितेवरून केलेली आहे. माझं मत विचाराल तर चोरी म्हणणार नाही, पण टीप पहिल्याच आवृत्तीत हवी होती.

आणि यातली गंमत म्हणजे हुआन रामोन आणि नेरुदाचं अजिबात जमायचं नाही. हा शुद्ध कवितेवाला, दारं-खिडक्या बंद करून एकेक शब्द घासणारा, आणि नेरुदानं १९३५ मध्ये माद्रिदमध्ये मासिक काढून लिहिलं की कविता घामट पाहिजे, डाग पडलेली पाहिजे. रोख कुणावर ते सगळ्यांना कळलं. हुआन रामोननं त्याला "मोठा वाईट कवी" म्हटलं, मोठा आणि वाईट, दोन्ही एकदम. पुढे १९४२ मध्ये एक खुलं पत्र लिहून जरा नरमला. राजकारणात मात्र दोघं एकाच बाजूला, रिपब्लिकच्या, म्हणजे स्पेनच्या तेव्हाच्या लोकनियुक्त सरकारच्या.

हा माणूस राजकारणात नव्हता, कुठल्या पक्षात नव्हता, मग देश का सोडावा लागला? कवी लोर्कासारखा त्याच्या जिवाला धोका होता का? (एक प्राध्यापक, कोल्हापूर)

सर, १८ जुलै १९३६ च्या आसपास लष्करानं बंड केलं आणि यादवी सुरू झाली. लोर्काला ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ बंडखोर जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी मारलं. हे दोघं होते माद्रिदमध्ये, म्हणजे रिपब्लिकच्या ताब्यातल्या शहरात. पण त्या उन्हाळ्यात माद्रिदमध्येही कोण कुणाला कशासाठी उचलेल याचा नेम नव्हता आणि हुआन रामोनची प्रकृती तर शांततेच्या दिवसांतसुद्धा घरापासून जवळ डॉक्टर नसला तर बिघडणारी.

तरी पळून गेले असं म्हणू नका. झेनोबिया माद्रिदमध्ये फ्लॅट घ्यायची, फर्निचर लावायची आणि परदेशी लोकांना भाड्यानं द्यायची, हा तिचा धंदा होता, शिवाय स्पॅनिश हस्तकलेचं दुकानही. युद्ध सुरू झाल्यावर त्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोघांनी बारा निराधार मुलं ठेवली आणि त्यांचा खर्च स्वतः उचलला. राष्ट्राध्यक्ष आसान्यानं त्यांना पासपोर्ट करून दिले, हुआन रामोनला वॉशिंग्टनला मानद सांस्कृतिक प्रतिनिधी असं काहीतरी पद दिलं आणि २२ ऑगस्ट १९३६ ला दोघं माद्रिदमधून निघाले. वालेन्सिया, मग फ्रान्स, शेरबुर्गहून बोट, न्यूयॉर्क. थोडे दिवसांचा प्रश्न आहे असं वाटत होतं. सगळ्यांनाच वाटतं तसं.

परत दोघं गेले ते शवपेटीतूनच.

१९३९ मध्ये फ्रँको जिंकला आणि माद्रिदच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फ्रँकोच्या बाजूचे लोक शिरून पुस्तकं, हस्तलिखितं, पत्रं उचलून घेऊन गेले. आणि ते अडाणी सैनिक नव्हते हो, लिहिणारे-वाचणारे होते, काय उचलायचं ते बरोबर कळत होतं त्यांना. हुआन रामोन हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या जुन्या कविता पुन्हा पुन्हा लिहीत बसायचा, त्याची ती प्रसिद्ध दोन ओळींची कविता आहे ना, "आता हात लावू नका, गुलाब असाच असतो", ती लिहिणारा हाच आणि हात लावल्याशिवाय राहवत नसणाराही हाच. अशा माणसाचे कागद गेले. त्याचा त्याला युद्धापेक्षा कमी त्रास झाला नसणार. घरातही युद्ध दोन बाजूंना होतं, त्याचा एक पुतण्या फ्रँकोच्या बाजूनं लढताना १९३८ मध्ये तेरुएलच्या लढाईत मारला गेला.

निर्वासित कवीचं पोट कसं चालतं? रॉयल्टीवर? (एक वाचक, नागपूर)

बायकोवर. मला हा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण चरित्रांमध्ये हे दोन ओळीत गुंडाळलेलं असतं.

क्रम असा: आधी थोडे दिवस प्वेर्तो रिको, मग १९३६ च्या शेवटापासून १९३९ च्या सुरुवातीपर्यंत हवाना. तिथे हुआन रामोननं क्यूबातल्या कवींचा एक मोठा मेळावा भरवला, संकलन काढलं, तेव्हा पंचविशीतला क्यूबन कवी लेसामा लिमा त्याच्या मागे मागे असायचा आणि त्यानं त्यांच्या गप्पांचं एक पुस्तिकेएवढं 'संभाषण' छापलं. मग फ्लोरिडा, मियामीजवळ कोरल गेबल्स. मग १९४२ पासून वॉशिंग्टन आणि शेजारचं रिव्हरडेल. १९४४ पासून झेनोबिया मेरीलँड विद्यापीठात स्पॅनिश शिकवायला लागली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पगारी नोकरी. तोही शिकवायचा, पण अधूनमधून, तब्येत सांभाळून. गाडी ती चालवायची, बँक ती बघायची, त्याचं टायपिंग ती करायची, प्रकाशकांशी भांडण तीच. आज तिथल्या भाषा विभागाच्या इमारतीला हिमेनेझ हॉल म्हणतात. असो.

झेनोबियाच्या डायऱ्या नंतर तीन खंडांत छापल्या गेल्या, क्यूबा, अमेरिका, प्वेर्तो रिको अशा. वाचताना कधी हसू येतं, कधी संताप. हवानात हॉटेलच्या एका खोलीत हा माणूस दार लावून बसलाय, कुणी भेटायला आलं तर आजारी आहे म्हणून सांगायचं, तिला बाहेर पडायचंय, माणसं भेटायचीत, पैसे मोजून मोजून खर्च चाललाय, आणि मध्येच स्पेनमधल्या मुलांसाठी मदत गोळा करायचीय. तिचा भाऊ न्यूयॉर्कला 'ला प्रेन्सा' हे स्पॅनिश वर्तमानपत्र चालवायचा, त्याचा त्या मदतीला उपयोग झाला. ती कुरकुर करते, चिडते, आपण याच्याबरोबर का राहतोय असंही स्वतःला विचारते, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच्या कविता टाईप करायला बसते. काही लोक याला त्याग वगैरे म्हणतात. मला तो शब्द नाही आवडत, ती हुशार बाई होती आणि आपण काय निवडलंय ते तिला पूर्ण माहिती होतं, आणि त्याचा तिला वैतागही येत होता. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

त्याच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी त्याच्यावर डूख धरून आहे. हा माणूस आळशी नव्हता. फ्लोरिडात १९४१ मध्ये हॉस्पिटलमधून बाहेर पडल्यावर त्यानं 'एस्पासिओ', म्हणजे 'अवकाश', लिहायला घेतलं, सलग, न थांबणारी, आठवणी आणि समुद्र आणि न्यूयॉर्क आणि मोगेर सगळं एकात एक मिसळणारी लांब कविता, जी पूर्ण छापली गेली थेट १९५४ मध्ये. सुरुवातच अशी की देवांमध्ये माझ्यापेक्षा वेगळा काही ऐवज नव्हता. साठीतल्या, आजारी, भाषेबाहेर फेकलेल्या माणसानं हे लिहिलंय. मला त्याच्या तरुणपणीच्या जांभळ्या-पिवळ्या संध्याकाळींपेक्षा हे शंभर पटीनं जास्त आवडतं.

भाषेबाहेर म्हणाले कारण त्याचं खरं दुखणं तेच होतं. इंग्रजी वाचता यायचं, बोलायचं नाही म्हणजे नाही. आजूबाजूला बाजारात, बसमध्ये, शेजारी स्पॅनिश ऐकू येत नाही म्हणजे आपली भाषा आपल्या आत वाळत चाललीय अशी भीती. १९४८ मध्ये व्याख्यानांसाठी अर्जेंटिना-उरुग्वेला गेला तर बंदरावर गर्दी, पोरं स्पॅनिशमध्ये हाका मारतायत, आणि त्याच समुद्रप्रवासातून नवा कवितासंग्रह. अमेरिकेत परतला आणि पुन्हा कोसळला, १९५० चं वर्ष जवळजवळ हॉस्पिटलांतच. शेवटी १९५१ मध्ये झेनोबियानं गाशा गुंडाळला आणि दोघं प्वेर्तो रिकोला गेले, जिथे डॉक्टर स्पॅनिश बोलतो आणि भाजीवालाही. ठाण्याहून उठून न्यू जर्सीला मुलाकडे राहायला गेलेल्या आजी-आजोबांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच्या नोबेलचा किस्सा नीट सांगा ना, गेल्या अंकात तुम्ही नुसता उल्लेख करून सोडलात. (बऱ्याच जणांनी विचारलंय)

प्वेर्तो रिकोला गेले त्याच वर्षी, डिसेंबर १९५१ मध्ये, झेनोबियाचं बॉस्टनला कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काही वर्षं बरी गेली, मग कॅन्सर परत आला. त्या अवस्थेत तिनं काय केलं, तर रिओ पिएद्रासच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत त्यांची पुस्तकं, कागद, पत्रं लावून एक दालन उभं करायला घेतलं. ते आजही आहे, दोघांच्या नावाचं.

२५ ऑक्टोबर १९५६ ला हुआन रामोनला नोबेल जाहीर झालं. बातमी तिच्यापर्यंत पोचली. २८ ला ती गेली. तीन दिवस.

तो स्टॉकहोमला गेलाच नाही. विद्यापीठाचे रेक्टर हाइमे बेनितेस गेले, त्यांनी त्याचा निरोप वाचला, की या बक्षिसाची खरी मानकरी माझी बायको झेनोबिया आहे, चाळीस वर्षं तिच्या साथीमुळे माझं काम होऊ शकलं, आज तिच्याशिवाय मी उद्ध्वस्त आहे. काही टीकाकार म्हणतात की हे बोलायला त्यानं चाळीस वर्षं लावली. मी तेवढी कडक होणार नाही, पण त्या वाक्याची टाळी त्याला मिळाली आणि ते ऐकायला ती नव्हती, हे आहेच. त्यानंतर तो जवळजवळ लिहायचाच थांबला. २९ मे १९५८ ला सान हुआनमध्ये गेला. दोघांना एकत्र मोगेरला नेलं आणि तिथल्या स्मशानभूमीत पुरलं. फ्रँको तेव्हा सत्तेवरच होता. ज्याला जिवंतपणी परत यायचं नव्हतं त्याला असं परत आणलं, यावर काय बोलणार.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तो गाढवावरचा बालसाहित्याचा ग्रंथ तिला वाचून दाखवू का? (एक आई, डोंबिवली)

'प्लातेरो आणि मी' म्हणताय तुम्ही. दाखवा, पण निवडून. पहिली छोटी आवृत्ती १९१४ ची, पूर्ण १९१७ ची, १३८ छोटी छोटी प्रकरणं, कवी आणि त्याचं कापसासारखं मऊ गाढव मोगेर गावातून फिरतायत. स्पॅनिश मुलं शाळेत वाचतात म्हणून सगळ्यांना ते बालसाहित्य वाटतं. त्यानं स्वतः प्रस्तावनेत लिहिलंय की हे पुस्तक कुणासाठी लिहिलं, मला तरी कुठे माहीत! त्यात खरजेनं भरलेला कुत्रा गोळी घालून मारतात, आजारी पोर मरते, आणि शेवटी गाढवही मरतं. फुलपाखरं, डाळिंबं, अंजिरं वगैरे प्रकरणं आधी घ्या. इंग्रजीत चांगल्या आवृत्त्या सहज मिळतात, तुम्ही वाचता वाचता मराठीत सांगा, तेवढं ती ऐकेल.

प्लातेरो खरंच होतं का हो? (त्याच आईच्या मेलमध्ये खाली, मुलीनं स्वतः टाईप केलेलं)

एक नव्हतं गं, बरीच होती. मोगेरकडे चंदेरी रंगाच्या गाढवांना प्लातेरोच म्हणायचे, जसं आपण काळ्या कुत्र्याला काळू म्हणतो. या काकांकडे लहानपणापासून तसली बरीच गाढवं होती, त्या सगळ्यांचं मिळून त्यांनी पुस्तकात एक केलं.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवा, व्हिक्टोरिया ओकाम्पोचे आत्ताच चार आलेत, ते नको.